हर्षालीची हळद

मोखाड्याच्या एसटीची वाट बघत मी जव्हार डेपोत बसलो होतो. मागच्या बाकावर लग्नात गाणी म्हणणारी एक म्हातारी होती आणि तिला न्यायला आलेली भाची.

"कमूमावशी, तू हर्षालीच्या लग्नात म्हटलेलं हळदीचं गाणं डीजेवाल्या हेमंतनं मोबाईलवर घेतलेलं. त्यात ढोल घालून आता साऱ्या लग्नांत वाजवतो."

"अगं, त्यात हर्षालीचं नाव हाय ना."

"तेच तर. आज जयश्रीला हळद लागत होती आणि स्पीकर म्हणतोय, हर्षाली पिवळी झाली. सासरची माणसं विचारतात, हर्षाली कोण?"

"मग?"

"जयश्री पाटावरून उठली. म्हणाली, हर्षालीलाच लावा."

"बरोबर हाय पोरीचं. आमच्या वेळी नवरी बदलली की गाणं बदलायचं."

"आता एकदा रेकॉर्ड केलं की तेच वाजतं. हर्षालीचं पोर चालायला लागलं, तरी तिची हळद उतरत नाय."

"आणि जयश्री?"

"पाटावर बसेना, म्हणून तर तुला न्यायला आले. हेमंत म्हणतो, नावाच्या जागी मी गाणं थांबवतो, मावशीनं माइकवर नुसतं नाव म्हणायचं."

"नुसतं नाव? तिची सासू कशी हाय?"

"पाव्हण्यांनाही बिनसाखरेचा चहा देते."

"मिळाली ओळ. हेमंतला फोन लाव. म्हणावं, मशीन जरा जास्त वेळ थांबव."