मायच्या टोपल्यातली ज्वारी

आमी मूळचे पडेगावचे, ताई, शेती करणारे. निजामाचं राज्य गेलं, ती पोलीस ॲक्शन झाली तवा मी मायच्या कडेवर होतो म्हणतात. दादांचं, म्हंजी माझ्या वडलांचं, सारं शिक्षण उर्दूतलं, आन् मी शाळेत जाईस्तोवर मराठी आलेली, म्हणून माझं पुस्तक दादांना वाचता येईना आन् दादांचं मला, कोणी कोणाला शिकवावं तेच कळंना. तरी शिकलो, सायकलवर औरंगाबादेत कॉलेजला गेलो, आता संभाजीनगर झालं पर तोंडात जुनंच येतं. बायोकेमिस्ट्री घेतली. दादा विचारायचे, ह्यात काय शिकवतात रं, मी म्हणायचो, धान्यातलं प्रोटीन, ज्यानं अंग भरतं ते. ते दिसतं का? नाय, दिसत नाय. मंग ते उठून बैलांकडं जायचे.

पीएच.डी.ला विषय मिळाला, आपल्या कोरडवाहू ज्वारीत प्रोटीन किती. पीठ तेजाबात, म्हंजी ॲसिडात, उकळायचं, त्यातला नायट्रोजन मोजायचा, त्यावरून प्रोटीन काढायचं. ज्वारी आमच्याच गावातून आणायची ठरली, घरोघर जाऊन सांगितलं, तुमी रोज खाता तीच द्या, जशी हाय तशी. कोणी नाय म्हणलं नाय. त्या साली पावसानं दगा दिलेला, तरी पिशव्यांत काय ज्वारी, टपोरी, पांढरीशुभ्र, मलाच लई अभिमान वाटला.

गाईड सरांनी मात्र मूठभर हातात घेतली आन् म्हणाले, दुष्काळी सालात असा दाणा? खरं सांग, धान्याच्या मोंढ्यातून विकत आणलीस का? ताई, मी म्हणलं, नाय सर, गावचीच हाय. लबाडी म्हणून नावच काढून टाकलं असतं, आन् तिकडं दादा गावभर सांगून बसलेले, लेक डॉक्टर होणार. गोळ्या देणारा नाय, दुसरा, पर ते गावाला कोण समजावणार.

तसाच घरी आलो, तर माय वसरीत सूप घेऊन बसलेली, म्होरं कॉलेजला न्यायची पुढल्या खेपेची पिशवी. माय, ह्ये काय करायलीस? तर म्हणती, निवडायले बाबा, सायबाम्होरं चिमलेली ज्वारी कशी धाडावी, अब्रू जाईल, म्या समद्या बायांना सांगून ठिवलंय. आमच्याकडं पाव्हण्याला द्यायचं ते निवडूनच द्यायचं, अन् तिच्या लेखी कॉलेज बी पाव्हणंच. बाजूला टोपल्यात बारके चिमलेले दाणे. ह्याचं काय करतीस? तर म्हणती, त्याची माझी भाकर, तुमा दोघांची चांगल्याची, कायमचंच हाय ते. बघा, मी त्याच घरात जेवून मोठा झालो आन् मला ठाऊक नाय.

टोपल्यातली मूठभर घेऊन गेलो, तपासली, तर प्रोटीन तिच्यातच जास्त. पुन्हा तपासली, तेच. सर म्हणाले, बरोबर आहे, दाणा चिमला की त्यात स्टार्च कमी भरतो, मग शेकडा हिशोबात प्रोटीन वर जातं, पण एकेका दाण्यात म्हणशील तर टपोऱ्यातच जास्त. मंग घरोघरची न निवडलेली ज्वारी आणून सारं काम पुन्यांदा केलं, डिग्री मिळाली, नोकरी लागली, जलम त्या प्रोटीनातच गेला.

पर पेढे घेऊन घरी गेलो तवा मायनं विचारलं, काय सापडलं रं? मी आनंदात बोलून गेलो, माय, तुझ्या टोपल्यातली ज्वारी भारी निघाली. मला वाटलं खुश होईल. तिचं तोंडच उतरलं. म्हणली, म्हंजी चांगलं समदं म्या खाल्लं आन् लेकराला निकस घातलं?

नाय माय, तसं नाय, म्हणलं, शेकड्यात जास्त, दाण्यात कमी. तिला कळंना, आन् खरं सांगू का, सांगता सांगता माझंच डोकं गरगरलं. मरेस्तोवर विचारायची, मंग चांगलं कोणाचं होतं रं? मी पोरांना वर्गात धडाधड शिकवायचो, तिला सांगायला बसलो की अडकायचो. अजून अडकतो. लई जीव तुटतो.

आता घरात मीच सांगतो, ज्वारी निवडू नका, टपोरी-चिमलेली एकत्र दळा, समद्यांना एकाच पिठाची भाकर. सून म्हणते, बाबा, खडे तरी काढू द्या. तेवढे काढ म्हणतो सुनेला, माय, सुखी ऱ्हा, पर जेवायला आमच्यासंगं बस.