चेंबरमधले उंटाचे केस

(उत्तर केनियातलं मार्साबिट. डोंगरावरच्या ट्रक दुरुस्तीच्या आवारात सकाळचं धुकं आहे. पिठाची पोती भरलेला ट्रक चलबीचं वाळवंट ओलांडायला निघायच्या तयारीत उभा; वर पोत्यांवर उतारू चढून बसलेत. कबाले ही ट्रकची मालकीण, हलाखे तिचा धाकटा दीर आणि ट्रकचा ड्रायव्हर, जारसो हा मिस्त्री.)

कबाले : ...दूध नासलेलं नाहीये हो. त्याला वास येतोय. तुम्ही काल आणलेल्या दुधाला, भाऊजी.

हलाखे : धुरीचा असेल. आईनं भांड्याला धुरी जरा जास्त दिली असेल.

कबाले : धुरीचं दूध पीतच लहानाची मोठी झाले मी. हा इंजिनाचा वास आहे.

हलाखे : ट्रकशेजारी बसून चहा प्यायला की इंजिनाचाच वास येणार, वहिनी. अत्तराचा कुठून येईल?

जारसो : ताई, जरा इकडे या. चहा तिकडेच ठेवा.

कबाले : आता काय?

जारसो : निघायच्या आधी तेल बघावं म्हणून पट्टी बाहेर काढली. हे बघा पट्टीला काय आलंय.

कबाले : केस?

जारसो : केसच. आधी वाटलं माझ्याच हाताचा असेल. मग चेंबरचा नट सैल करून वाटीभर तेल खाली सोडलं. ही वाटी.

कबाले : शी! अगं आई गं, शी! हे तेल आहे?

जारसो : तीस वर्षं इंजिनं उघडतोय. चेंबरमध्ये पाणी पाहिलंय, डिझेल पाहिलंय, एकदा मेलेली पाल पाहिली. उंटाचे केस आज पहिल्यांदा पाहतोय.

हलाखे : उंटांच्याच मुलखात गाडी चालते जारसो. वारा असतो, धूळ असते. धुळीबरोबर आत गेले असतील.

जारसो : धूळ फिल्टरमधून आत शिरते, मान्य. उंट शिरत नाही.

कबाले : भाऊजी, मागच्या फेरीला मी तुम्हाला नव्या तेलाचा वीस लिटरचा डबा दिला होता. सील मी स्वतः बघितलं होतं. जारसो तेव्हा बहिणीच्या लग्नाला गेला होता, म्हणून तुम्ही म्हणालात, मैकोनाला आईकडे पोचलो की मीच बदलतो.

हलाखे : बदललंच की!

कबाले : कशाशी?

हलाखे : कशाशी म्हणजे?

जारसो : ताई, वाटी नाकाला लावा. नका लावू, मीच सांगतो. राख आहे ह्यात. आणि चलबीचं खारं मीठ.

कबाले : राख, मीठ आणि काळं तेल. हे तर खरजेचं औषध! माझे वडील उंटांना लावायचे. भाऊजी, तुम्ही खरजेचं औषध माझ्या गाडीत ओतलंत?

हलाखे : असं एकदम ओतलं नाही वहिनी. आधी ऐका तरी.

कबाले : ऐकतेय. किळस येतेय, पण ऐकतेय.

हलाखे : मैकोनाला मी जुनं तेल परातीत काढलं. आपल्या अकराच्या अकरा उंटांना खरूज. मांड्या सोलल्यासारख्या झालेल्या. दुष्काळात साठांतले एवढेच राहिलेत, आई त्यांच्याकडे बघून रडत होती. मग परातीत राख-मीठ कालवलं, चिंधी बुडवून लावायला लागलो. दोन उंट झाले नाहीत तोच एका पिल्लानं आईची मांडी चाटली आणि आडवंच झालं. तोंडाला फेस. तिथल्या म्हाताऱ्या कात्तेलोंनी सांगितलं, जुन्या तेलात विष असतं, लावायचंच तर नवं लाव.

कबाले : आणि नवं तेल हाताशीच होतं.

हलाखे : हाताशीच होतं.

कबाले : वीस लिटर?

हलाखे : उंट मोठा असतो वहिनी.

जारसो : आणि परातीतलं इंजिनात. चिंधीसकट नाही ओतलं, हे आमचं नशीब.

हलाखे : फडक्यातून गाळलं होतं!

जारसो : वा! गाळलं होतं म्हणे! मिठाचं पाणी होतं का ते गाळायला? वाळू घोटलेली आहे त्यात. एवढी बारीक की दोन बोटांत चोळली तर कळायची नाही, पण बेअरिंगला कळते. कानस लावल्यासारखी खाते ती.

हलाखे : मी आपलं गरमीचं बघितलं. जुनं तेल जाड असतं. चलबीत दुपारी पातळ तेलाचं पाणी होतं, जाडच टिकतं. सगळे ड्रायव्हर हेच सांगतात.

जारसो : उंटावरचे शहाणे सगळे. ते जाड नाही, ते घाण झालंय. शिळ्या कालवणावर साय धरली म्हणजे ते दूध होतं का?

कबाले : दुधाचं नाव काढू नका! म्हणजे माझ्या चहात... भाऊजी, त्याच उंटिणीचं दूध?

हलाखे : कास पुसून घेतली होती.

कबाले : अरे देवा. दोन पेले प्यायले मी. काल तुमच्याबरोबर आलेल्या सासूबाईंनाही पाजला.

हलाखे : नव्या तेलाचं आहे वहिनी, जुन्याचं नाही.

कबाले : गप्प बसा! एक शब्द बोलू नका. जारसो, हा ट्रक असाच निघाला असता तर?

जारसो : डोंगर उतरताना काही वाटलं नसतं. मैकोनापर्यंतही गेला असता कदाचित. पुढे चलबीत भर उन्हात, पिठाचं ओझं घेऊन... इंजिन जाम. हातानं फिरवूनसुद्धा फिरणार नाही असं.

कबाले : गुयोचं झालं तसं.

जारसो : होय ताई. तसंच.

हलाखे : दादाची गोष्ट वेगळी होती.

कबाले : काय वेगळी होती? तीच गाडी, तेच मीठ, तेच ऊन. नवरा पाणी आणायला चालत गेला माझा. चार दिवसांनी सापडला. काय वेगळं होतं सांगा ना.

हलाखे : दादानं पाणी घेतलं नव्हतं.

जारसो : थांब थांब. ताई, आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मघापासून मी म्हणतोय, पोती तेवढीच आहेत, मग स्प्रिंगचे पाटे एवढे का बसलेत? हलाखे, मधल्या ओळीत पोत्यांखाली पिवळे कॅन आहेत ते कसले?

हलाखे : पाण्याचे.

कबाले : किती?

हलाखे : चौदा.

कबाले : चौदा माणसं, चौदा कॅन.

हलाखे : असावं आपलं सोबत.

कबाले : मागच्या फेरीला किती होते?

हलाखे : दोन.

कबाले : म्हणजे तुला ठाऊक होतं.

हलाखे : वहिनी...

कबाले : तुला ठाऊक होतं, मेल्या! मला वाटलं तू अडाणी आहेस. अडाण्याला मी माफ केलं असतं. इंजिन मरणार हे ओळखून तू माणसामागं एकेक कॅन मोजून भरलास. माझ्याकडे यायचं, सांगायचं, वहिनी तेल उंटांना लावलं, दुसरं घेऊन दे. खाल्लं असतं का मी तुला?

हलाखे : लाज वाटली. आणि वाटलं, नाही बंद पडणार. पडलाच तरी पाणी आहे, कुणी मरणार नाही. दादा गेला तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे वहिनी, पाणी पाहिजे. पाणी असतं तर दादा...

कबाले : तेल असतं तर तो गाडीतून खालीच उतरला नसता. तीन वर्षांत तुला एवढंही कळलं नाही? ओकारी येते रे मला तुझी. त्या वाटीपेक्षा जास्त.

जारसो : ताई, बसा जरा.

कबाले : मी बसत नाही. तू तेलाचं सांग.

हलाखे : नाक्यावरच्या दुकानात सुटं मिळतं. पन्नास नंबर. मधासारखं जाड, उन्हाला मस्त. तासाभरात भरून निघू.

जारसो : पुन्हा जाड! अरे, इथे धुकं बघ. माझी बोटं गारठलीत. पहाटे इथे गाडी चालू केलीस की ते मधासारखं तेल वर चढेपर्यंत इंजिन कोरडंच घासणार. दुपारी खाली चलबीत भट्टी. ताई, आपल्याला दोन्हीकडे चालणारं पाहिजे. पंधरा-चाळीस नंबरचं. सकाळी पातळ राहतं, दुपारी पाणी होत नाही. बंद डब्याचं, डिझेल इंजिनाचं. सुटं नको, सुट्यात कुणाची परात धुतलीय देव जाणे.

कबाले : आणि धुळीला?

जारसो : धुळीला तेल पुरं पडत नाही. हवेचा फिल्टर नवा. हा पठ्ठ्या जुना फिल्टर टायरवर आपटून साफ करतो, कागद फाटलाय त्याचा. तेलाचा फिल्टरही नवा. आणि पुस्तकात जेवढे किलोमीटर लिहिलेत, त्याच्या निम्म्यावर तेल बदलायचं. माझ्यासमोर.

कबाले : आधी हे सगळं धुऊन निघेल?

जारसो : स्वस्तातलं तेल भरून एकदा फिरवतो, काढतो, मग चांगलं भरतो. चेंबर खोलून बेअरिंग बघतो. ती खाल्लेली निघाली तर चार दिवस. नाहीतर उद्या संध्याकाळ.

कबाले : खोल.

हलाखे : वहिनी, लोक केव्हाचे चढून बसलेत. काय सांगणार त्यांना?

कबाले : मी काहीच सांगणार नाही. तू सांगणार आहेस. काय ओतलंस, का ओतलंस, आणि पाणी का भरलंस. सगळ्यांना खाली उतरव, वाटी हातात घे आणि सांग.

हलाखे : थोबाड फोडतील माझं.

कबाले : फोडू देत.

हलाखे : बाकीच्यांना सांगतो. आईला तेवढं तुम्ही सांगा. तिला ते उंट म्हणजे... आणि दादाचं... माझ्या तोंडून नको.

कबाले : सुरुवात त्यांच्यापासूनच कर.

हलाखे : कुठे बसलीय ती?

कबाले : वर, मधल्या ओळीत. पोती मऊ लागत नाहीत म्हणून खालचे कॅन ओढून घेतलेत त्यांनी बसायला. मघाशी चहा द्यायला गेले तर म्हणाल्या, "बघ, माझ्या हलाखेनं ह्या वेळी केवढं पाणी घेतलंय."