दीडशहाण्याची कात्री

— नाही नाही, डोकं हलवू नकोस, कान गेला तर मी जबाबदार नाही! हां, असं. टॉवेल घट्ट धर मानेशी. पटकन उरकू, पाचच्या आत मला विद्यापीठाच्या ऑफिसात पोचायचंय, एक काम आहे. तर काय विचारत होतास — दोन डिग्र्या एकदम झेपतात का? झेपतात की! सगळे विचारतात, सगळ्यांना हेच सांगतो. सकाळी इंजिनिअरिंग — पूल, खांब, काँक्रीटचे ठोकळे फोडायचे — आणि दुपारी टेकडीपलीकडे तत्त्वज्ञान. मध्ये पळायचं. डबा पळता पळता खायचा. तब्येत बघ कशी ठणठणीत आहे! हसू नकोस, कात्री माझ्या हातात आहे.

गोंधळ होतो, नाही असं नाही. पहिल्याच परीक्षेत प्रश्न आला, हा पूल एवढं वजन पेलेल का — नुसतं गणित होतं रे, आकडे भरायचे — आणि मी आदल्या दिवशी भलतंच वाचून आलेलो, तर मी लिहिलं, ‘पेलणं म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला हवं.’ चांगली दोन पानं! सरांनी वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसून हसून लोळली. बरं, तिकडे तरी शहाण्यासारखं वागावं ना? तिकडे निबंध होता, माणसाने दुसऱ्यावर किती विश्वास ठेवावा — आणि मी शेवटी लिहिलं, ‘लागेल त्याच्या दीडपट धरावा, सुरक्षिततेसाठी.’ सवय! खांबाला आम्ही तसंच धरतो. बाईंनी समासात नुसतं उद्गारचिन्ह काढलं. तेव्हापासून दोन्हीकडे मी दीडशहाणा. आई म्हणते, नाव ठेवलं म्हणजे आपलं मानलं. आईला काय, मी फोनवर सांगतो, इथे ढीगभर मित्र आहेत माझे —

म्हणजे आहेतच. ओळखी आहेत. पण कसं होतं — इकडचे चहाला निघतात तेव्हा मी टेकडी चढत असतो, तिकडचे नाटकाच्या तालमीला जमतात तेव्हा मी प्रयोगशाळेत सिमेंट कालवत असतो. इकडच्यांना वाटतं हा तिकडचा, तिकडच्यांना वाटतं हा इकडचा. वाईट कुणी नाही हं. फक्त मला बोलवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून तर ही कात्री! काकाचं सलून आहे, सुट्टीत शिकलो होतो. इथे जाहीर केलं, माझ्या खोलीत फुकट केस कापून मिळतील — रांग लागली! खरं सांगू? मान दुसऱ्याच्या हातात असली की माणूस मध्येच उठून जात नाही. तेवढा वेळ तो आपला —

हे कशाला सांगतोय मी तुला?

पण आता निघालाच विषय तर ऐक. एक डिग्री सोडायची असेल तर आज शेवटचा दिवस, पाचला ऑफिसातली अर्जाची खिडकी बंद. मी सोडतोय. तत्त्वज्ञान. ठरलंय. काका तर कधीचा म्हणतोय, एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि जड जातंय म्हणून नाही सोडत, उलट दोन्ही विषय मला जीव की प्राण — सोडायचं म्हटलं की रडू येतं, खोटं कशाला बोलू. पण एका ठिकाणी तरी पुरता असेन ना? चहाला तरी असेन. तुझे केस झाले की तडक तिकडेच जातो. मान खाली घाल. मागून एकसारखं करतो आणि —

थांब.

ही मानेवरची रेघ कुणी मारली? वस्तऱ्याची आहे. दुकानातली, ताजी. काल-परवाची असेल. अरे, मग कापायला आहे काय इथे? मघापासून मी नुसती कात्री वाजवतोय — बोलायच्या नादात बघितलंच नाही — आणि तूही बसलायस गुपचूप, टॉवेल धरून! मग आलास कशाला तू...

अस्सं.

अस्सं होय.

नाही, नाही, उठू नकोस. लाजतोस काय गाढवा! अरे, मी एवढी बडबड केली ती काय केसांसाठी? आण तो टॉवेल इकडे. घड्याळ काय दाखवतोस, मला कळतं घड्याळ. होऊ दे बंद ती खिडकी. बघू, पेलेल तेवढं पेलू. पाय वर घे, नीट मांडी घालून बस. हां.

आता तू बोल.