आमचं गानं शेवटी ठेवलं

मी मूळची शिरपूरकडची, तापीकाठचं गाव आमचं, लगीन झालं आनि सुरतला आली, तेव्हापासनं ह्या गोडादऱ्यातच. इथं कारखान्याला खातं म्हनतात ताई, तर कविताचे पप्पा, म्हनजे आमचे हे, लूम्सच्या खात्यात मशीनवर आनि मी उधन्याला एम्ब्रॉयडरीच्या खात्यात धागा कटिंगला. धागा कटिंग म्हनजे काय, तुम्ही साडी नेसता ना, तिच्यावर ते मशीनचं भरतकाम असतं, त्याच्या मागनं धागे लोंबत राहतात, ते कापायचे. दिवसभर खाली मान. मान जरा वर केली की मॅनेजर जिग्नेशभाई विचारनार, बेन, सूं थयुं. काय होनार, मान दुखतेय, दुसरं काय होनार.

तर मान खाली, हात चालू आनि तोंड रिकामं, मग मानसानं करायचं काय, गानं म्हनायचं. आवाज माझा बरा आहे, खोटं कशाला बोलू, श्रावनात कानबाई देवी बसली की आमच्या गल्लीत मलाच बोलावनं येतं. आनि शेजारी बसायची सुनंदा. दोंडाईच्याकडची ती. मी ओळ टाकायची नि तिनं झील धरायची, झील म्हनजे मी थांबली की तिनं उचलायचं, मी दम घेते तोवर तिनं गानं धरून ठेवायचं, असं. मशीनच्या आवाजात दुसऱ्या कोनाला ऐकू जायचं नाही, आम्हा दोघींनाच. असं करत करत एक गानं आमचं आम्हीच जोडलं. कुठं लिहिलेलं नाही, कोनी शिकवलेलं नाही. ओळ माझी, गाडी उनी टेसनले, माय मन्ही वाट दखस, आनि झील तिची, दख व माय, उनू मी घर, म्हनजे बघ गं आई, आली मी घरी. पुढं लांब आहे, त्यात साड्यांच्या पोटल्याचं, म्हनजे गाठोड्याचं, ओझं आहे, सुपरवायझरची खोड आहे, हसायचं पन आहे. खात्यातल्या बाया म्हनायच्या, वहिनी, हे एकदा माईकवर होऊ द्या. मी म्हनायची, कोन देतं आपल्याला माईक.

बरं, माईक घरातच होता, हे बघा. कविताचे पप्पा बँजो वाजवतात, ते बटनांचं असतं ना, ते. लूमवरनं कान गेले अर्धे पन बँजोचा सूर बरोबर धरतात. त्यांची गान्याची पार्टी आहे, हे बँजोवर, एक जन पॅडवर, आनि आमची कविता गाते, हिंदी गाते, गुजराती गाते, गरब्यात तर तिला मागनी असते. अहिरानी विचाराल तर तोंड वाकडं करते. मम्मी, आ बधू कोन सांभळे, म्हनते मला. माझ्या पोटची पोरगी मला गुजरातीत विचारते हे कोन ऐकतं.

ह्या दिवाळीला आमच्या खात्याच्या शेठनं वेकेशनच्या आधी पार्टी ठेवली. सगळ्या कामगारांना जेवन, मिठाईचा डबा आनि गान्याचा प्रोग्राम, आनि प्रोग्राम कोनाचा तर आमच्या पार्टीचा. मला आनंद झाला, पन आनंदाचं खरं कारन वेगळं होतं. सुनंदा कायमची चालली होती. तिच्या मालकाची, म्हनजे नवऱ्याची, छाती भरली होती लूमच्या धुळीनं, डॉक्टर म्हटला गावाला जा, पोरानं दोंडाईच्याला दोन खोल्या बांधल्या, झालं. पार्टीच्या दिवशीच संध्याकाळी तिची गाडी. आता दिवाळीची गर्दी तुम्हाला काय सांगू, अख्खा खानदेश त्या उधना स्टेशनवर उभा असतो, जागा धरायची तर आधीपासनं जाऊन बसावं लागतं. मी ह्यांना बोलली, काही करा, एक गानं आमचं घ्या, सुनंदा जायच्या आधी. ती खाली खुर्चीत बसून झील देईल, तिला स्टेजवर चढायची गरज नाही. हे हो म्हटले. नुसतं हो म्हनायला काय जातं.

मग गानी निवडायला बसलो घरात, आनि ताई, माझं डोकं फिरायचं बाकी राहिलं. शेठचं पहिलं फर्मान, सुरुवात अंबामाताच्या आरतीनं, ते बरोबर आहे, कोन नाही म्हनतं. मग शेठानीचा निरोप, गरबा पाहिजे, फास्ट. नवरात्र होऊन गेलं, पाय अजून थांबले नाहीत त्यांचे. मग ओडिशाची पोरं आली, मोबाईलवर त्यांचं गानं लावलं आनि म्हटली, भैया, इतना बजाना ही पडेगा. ह्यांनी बिचाऱ्यांनी मोबाईल कानाला लावून लावून बसवलं. मग यूपीची मंडळी, त्यांच्या गान्याचे शब्द असे की कविता म्हटली मी हे तोंडातनं काढनार नाही, बरोबरच आहे तिचं, तर ठरलं की नुसती चाल वाजवायची. त्याचा काही उपयोग झाला नाही, पार्टीत चाल सुरू झाली तशी पन्नास जनांनी शब्द स्वतःच म्हटले, आनि पोरंबाळं समोर बसलेली.

मी चहा करते, पुन्हा चहा करते, आनि ऐकते. सगळ्यांचं झालं. मी विचारलं, आमचं कुठं. यादी करायला आलेले जिग्नेशभाई म्हटले, बेन, ए छेल्ले राखीए. छेल्ले म्हनजे शेवटी. मी ह्यांच्याकडं बघितलं. तर हे काय म्हनतात, आपुन घरना मानसं, आपलं शेवटले. आता आमच्याकडं रीतच आहे, लग्नात पहिल्या पंगती पाहुन्यांच्या, घरचे लोक शेवटी बसतात, वाढनाऱ्या बाया त्याच्याही मागनं. पन मी म्हटलं, आपुन शेठना घरना कधी व्हयनूत? शेठचं खातं, शेठचं जेवन, शेठचा मंडप, आनि मागं बसायच्या वेळी तेवढे आम्ही घरचे. मी जन्मभर शेवटच्या पंगतीला जेवली आहे, तिथं भाजी संपलेली असते नि रस्सा राहिलेला असतो, मला शिकवू नका. तर कविता मध्येच म्हनते, मम्मी, शेवटचं गानं मेन असतं, स्टार लोक शेवटीच येतात. सांगितलं मी, बाई, स्टार लोकांची गाडी सुटत नाही.

पन माझं ऐकतं कोन. तीन मानसं एका बाजूला. सुनंदाला सांगितलं, शेवटी आहे, पन टाइममध्ये होईल, तू थांब. ती म्हटली, थांबते, मालकाला समजावते.

पार्टी झाली खात्याच्या कंपाउंडमध्ये. मी नवी साडी नेसली होती, चांगली, स्वतः धागे कापलेली. सगळं बरोबर चाललं होतं, खोटं बोलत नाही, आरती झाली, गरबा झाला, ओडिशाच्या पोरांनी तर धूळ उडवली. आता आमचंच गानं राहिलं होतं. आनि शेठ उठले. शेठनं माईक मागितला. आता शेठनं माईक मागितला तर कोन नाही म्हननार. म्हटले, एक जूनुं गीत, आपनी पसंदनुं. एक झालं. टाळ्या पडल्या, कशा नाही पडनार, बोनस त्यांच्याच हातात आहे. मग दुसरं. सूर सोडून गात होते, एकदा वर एकदा खाली, आनि आमचे हे बँजोवर मान खाली घालून त्यांच्या सुरामागं पळतात, हा सूर धरावा तर शेठ तिसऱ्याच ठिकानी. मग तिसरं.

मी स्टेजच्या बाजूला उभी, समोर शेवटच्या ओळीत सुनंदा, मांडीवर बोचकं, बाजूला तिचा मालक खोकतोय. ती मला मनगट दाखवते. मी हातानं सांगते, थांब. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देतोय, आमच्या सगळ्या बाया त्याच टेम्पोनं स्टेशनला जानार होत्या, एकेक उठायला लागल्या. मी ह्यांच्या कानाशी गेली, म्हटलं, आता तरी माईक घ्या हो त्यांच्याकडनं, सुनंदा चालली. हे मान वर न करता म्हनतात, जराशी थांब, शेठ गाई राह्यना. मला असं वाटलं ना ताई, तो बँजो उचलावा आनि तापीत टाकून यावा. पन काय करनार, उभी राहिली. सुनंदा गेटपाशी गेली, तिथं थांबली, मग कोनीतरी तिला हाताला धरून टेम्पोत घेतलं. मला एवढंच दिसलं.

आनि मग शेठचं मन भरलं. जिग्नेशभाई हसत हसत म्हटले, चालो बेन, हवे तमारूं गीत, हवे म्हनजे आता. दिला माईक हातात. समोर कोन, ताई? रिकाम्या खुर्च्या, उष्ट्या डिशा, आनि ओडिशाची पोरं, ती मोहनथाळ खात बसलेली. आमची एक बाई नाही. मी म्हटलं, आता घेतलाय तर म्हनते. पहिली ओळ टाकली, मोठ्यानं टाकली, छाती भरून. आनि सवयीनं थांबली. झीलसाठी थांबली हो. तिथं कोन देनार झील. त्या पोरांना वाटलं गानं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगली पोरं आहेत, मनापासनं वाजवल्या. आनि टाळ्या पडल्या म्हनून ह्यांनी लगेच गरबा सुरू केला. माझं गानं एका ओळीचं झालं.

दिवाळीभर मी ह्यांच्याशी बोलली नाही. जेवन वाढायची, बोलायची नाही. हे म्हनायचे, मी काय केलं, शेठच्या हातनं हिसकावू का. शेवटी मी म्हटलं, नका हिसकावू, पन यादी करताना तोंड होतं ना तुम्हाला, तेव्हा तर शेठ नव्हता घरात. तेव्हा तुम्हीच आम्हाला मागं बसवलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला. मला वाटलं रागवेल, आनि रागावलीच. म्हटली, मी त्या गेटजोडे उभी राहून राहून मालकाच्या शिव्या खाल्ल्या, टेसनवर बसायला जागा मिळाली नाही, नंदुरबारपर्यंत उभ्यानं गेली, आनि तुमचा तो शेठ रडतच होता माईकवर. मग म्हटली, म्हटलं का नाही गानं? मी सांगितलं, एक ओळ म्हटली. मग मीच म्हटलं, फोनवर म्हनते, तू झील दे. तर म्हटली, नको, फोनवर माझा आवाज मागनं येतो, दोघींचं जुळत नाही, तसलं अर्धं नको मला. आखाजीले मन्हाकडे ये, म्हटली. आखाजी म्हनजे अक्षयतृतीया, ताई, आमच्याकडं लेकीबाळी माहेरी जातात तो सन, झोके बांधतात, गानी म्हनतात. मी म्हटलं, माय जाऊन किती वर्षं झाली, भावाच्या घरी कोनी विचारत नाही, मला कसली आली आखाजी. ती म्हटली, म्हनून तर सांगते, मन्ह घर ते तुनं माहेर समज, मी झोका बांधून ठेवते. मला रडायला आलं, हो. फोन ठेवला नि रडली.

आता आखाजी म्हनजे लग्नाचा मोठा मुहूर्त, त्या दिवशी बँजोवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. ह्यांनी इथंच सुरतेत पर्वत पाटियाला लग्नाची एक ऑर्डर घेऊन पन ठेवली, मला न विचारता. आनि ह्या वेळी लग्नवाले खानदेशी आहेत, त्यांनी अहिरानी गानी मागितली आहेत, सगळी अहिरानी. काल हे माझ्यापाशी येऊन बसले, म्हनतात, कविताला तर येत नाहीत, तूच म्हन, बोल, पहिलं कोनतं घेऊ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, पहिलं कोनतं घेऊ. मी भाकरी थापत होती, मान खालीच होती माझी. मी म्हटलं, कोनतं पन घ्या, मी त्या दिवशी माहेरी आहे.