चालू कंटेनरमधली यादी

(सोलापूर, होटगी रस्ता. दुसऱ्या मजल्यावरचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. शनिवारची दुपार, बाकीचे घरी गेलेत.)

सृष्टी : दादा, चौथ्यांदा तेच टाईप करताय. नाही जाता येणार कंटेनरच्या आत. तो ज्या इमेजवरून उठतो, त्या कालच्या नव्या इमेजमध्ये आत शिरून हुकूम द्यायचं शेलच ठेवलेलं नाही मी.

गुरुलिंग : ठेवलं न्हाय म्हणजे? घर बांधलंस आणि दार न्हाय?

सृष्टी : मुद्दामच. क्लाऊडवर जो कंटेनर चालतो, त्या बंद पेटीत साखर कारखान्याचा ऊसतोडणीचा प्रोग्रॅम तेवढा हवा. जुन्या इमेजमध्ये काय काय होतं माहितीय? एडिटर, कंपायलर, फोटो लहान करायचं कसलंसं टूल. सुरक्षा तपासणीत चारशे बारा धोके निघाले.

गुरुलिंग : आता किती?

सृष्टी : सहा.

गुरुलिंग : शाबास. टोमणा न्हाय मारत, खरंच शाबास. पण मला आत जायचंय.

सृष्टी : तुम्हाला जाता येत होतं म्हणजे चोरालाही येत होतं. मंगळवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की मी. तुम्ही मान डोलावलीत.

गुरुलिंग : डुलकी लागली असंल गं. हंगाम सुरू झाल्यापासनं झोप कुटं हाय? गाळप चोवीस तास, तसे त्यांचे फोन बी चोवीस तास.

सृष्टी : बिघडलंय काय ते तर सांगा. कोडमध्ये दुरुस्त करू, नवी इमेज बांधू, वर पाठवू. अर्ध्या तासाचं काम.

गुरुलिंग : कोडमध्ये न्हायच ते.

सृष्टी : मग?

गुरुलिंग : त्या कंटेनरमध्ये होतं. एक फाईल. हातानं लिहिलेली.

सृष्टी : चालू कंटेनरमध्ये शिरून? दादा, कंटेनर नव्यानं उठला की हातानं लिहिलेलं सगळं जातं. मला पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत हे.

गुरुलिंग : म्हणून तर तीन महिने नव्यानं उठू दिला न्हाय त्याला. ‘चालत्या गाडीला हात लावू नका’ म्हणून सगळ्यांवर खेकसत होतो, ते काय हौसेनं?

सृष्टी : आणि काल मी लावला हात.

गुरुलिंग : तुजी चूक न्हाय.

सृष्टी : काय होतं फाईलमध्ये?

गुरुलिंग : बायकांची नावं. तेवीस.

सृष्टी : कसली नावं?

गुरुलिंग : नवरा वारला, वारसनोंद तलाठ्याकडं अडकलीय. कारखान्यात उसाची नोंद अजून त्याच्याच नावावर. आपला प्रोग्रॅम नोंदीत ‘मयत’ बघतो आणि तोडणीच्या पाळीतनं नाव गाळतो. टोळी शेजारचा फड तोडून पुढं जाते, हिचा ऊस उभाच. ही नावं गाळू नको, एवढंच त्या फाईलीत सांगितलं होतं.

सृष्टी : आणि आज?

गुरुलिंग : सकाळी नवी पाळी निघाली. तेवीसच्या तेवीस गायब. शेतकी अधिकाऱ्याचा फोन आला, सहा वाजता पाळी पक्की होणार. एकदा टोळ्या दुसऱ्या गटात गेल्या की महिनाभर माघारी येत न्हाईत. आत्ताच तुरे आलेत, तवर ऊस पोकळ पडतो.

सृष्टी : मयतांच्या नोंदी शोधून काढते मग डेटाबेसमधून. सोपं आहे.

गुरुलिंग : दीडशे निघतील. कुणी रान इकलंय, कुटं दीरभावजयीचं कोर्टात चाललंय. ह्या तेवीसजणींना मी एकेक फोन करून खात्री केली होती. लिहून ठेवलं न्हाय कुटं. थेट आत टाईप केलं.

सृष्टी : इतकं चांगलं काम आणि असं चोरून? साधं कोडमध्ये का नाही टाकलंत?

गुरुलिंग : चहा पार गार झाला बघ.

सृष्टी : दादा.

गुरुलिंग : कोडमध्ये टाकलं की कुणी, कवा, काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. आत शिरून केलं की कुणाला कळत न्हाय.

सृष्टी : मग कळू नये असं होतं काय त्यात?

गुरुलिंग : आदी नावं घे. चार वाजत आले. मथुराबाई, वेळापूरच्या. त्या फोनवर आदी माज्या पोरांचं विचारतात, मग उसाचं.

सृष्टी : मिळाली नोंद. पुढं?

गुरुलिंग : सायराबानू. नवरा ट्रॅक्टरवर होता तिचा. मग त्या मायलेकी, दोघींचे नवरे एकाच वर्सात... थांब, आठवू दे. डोकं चालंना झालंय.

सृष्टी : सावकाश. क्रम लागवडीच्या तारखेनंच लावते ना?

गुरुलिंग : तारखेनंच की.

(बराच वेळ की-बोर्डचा आवाज.)

सृष्टी : बावीस झाली.

गुरुलिंग : एक ऱ्हायलं. खरं तर पयलं तेच लिवलं होतं. बसम्मा गुरुसिद्धप्पा.

सृष्टी : गुरुसिद्धप्पा... तुमचं मधलं नाव आहे हे.

गुरुलिंग : आई हाय माजी. वडील श्रावणात गेले. तिचं नाव गळलेलं दिसलं, आत शिरलो, घातलं. नुसतं घातलं न्हाय, पाळी बारा दिवस वर ओढली. मग रात्री झोप लागंना. म्हणून बाकीच्या शोधल्या. चांगलं काम म्हणालीस नव्हं? ते असलं हाय.

सृष्टी : मी कुणाला बोलणार नाही. वर ठेवू का त्यांना? परवा टोळी जाईल.

गुरुलिंग : तारखेनं कितवी येती?

सृष्टी : एकोणिसावी.

गुरुलिंग : मग तितंच ठेव. आणि बदल करणाऱ्यात माजं नाव घाल, तुजं नको.

सृष्टी : बरं. चढवते वर... चढली. पाळीत तेवीसही दिसतायत. आईंना काय सांगाल?

गुरुलिंग : करतो फोन. दम खाऊ दे जरा.

सृष्टी : रागावतील?

गुरुलिंग : ती कसली रागावतीय. पाळी लवकर आली म्हणून सांगितलं, तवा एवढंच इचारलं तिनं, “माज्या आदी पाळी हाय त्या बायकांचा ऊस तुटला का रे?” मी व्हय म्हणालो होतो.