अंगणातला शॉवर

अंधेरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात नीला गळका नळ हातात घेऊन कधीची ताटकळली होती. पुढचा माणूस काही केल्या हलेना; दुकानदार मितेशभाई त्याच्याशीच बोलत होते.

"हरेश्वर, हा दांडा परत कशाला आणलास? तुझ्या बाबांना धरायला नेलेलास ना?"

"हो. आता नको."

"आणि तो अंगणातला शॉवर? झाला की नाही?"

"झाला ना. पत्र्यावर काळी टाकी चढवली, पाइप जोडला. उन्हानं मस्त तापतं पाणी. व्हीलचेअर मोरीत जायची नाही, म्हणून तर बाहेर केला. बाबा रोज विचारायचे, आज घालतोस का रे आंघोळ?"

"मग?"

"मी म्हटलं, आधी दांडा बसवू दे, नाहीतर उठताना पडाल. सोमवारी सकाळी उठवायला गेलो, तर गेलेले."

"अरे देवा! मग शॉवर तसाच पडलाय?"

"नाही ना. स्मशानातून आल्यावर बाहेर आंघोळ केल्याशिवाय कोण घरात येतं? सगळे तिथेच उभे राहिले."

"पाणी तापलं होतं?"

"मी सगळ्यांत शेवटी उभा राहिलो, मितेशभाई. तरी गरमच होतं."