विरामाच्या जागची उडी

(पेर्म शहरातलं बॅलेचं तालीमघर. दुपार.)

ग्लेब : मला नाही जमत, वेन्यामिन इल्यिच. उद्या तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा प्रयोग. सगळं शहर तुमचा तो विराम बघायला येणार, आणि मी गुडघा टेकला की नुसता खोटा दिसतो.

वेन्यामिन : चार ठोके मोज. ऑर्केस्ट्रा थांबतो, तू थांबतोस. एवढंच तर आहे.

ग्लेब : मोजतो हो. पण मनात काय आणू? समीक्षक लिहितात, तुम्ही मायभूमीला वंदन करत होतात.

रिम्मा : वंदन म्हणे. आता तरी सांग त्याला, वेन्या. तुझी बायको म्हणून पन्नास वर्षं तोंड शिवून बसलेय मी.

वेन्यामिन : तू चहा ओत.

रिम्मा : ओतून निवलाही.

वेन्यामिन : बरं, ऐक. गुडघा गेला होता माझा, ऐन प्रयोगात. खाली बसलो तो उठताच येईना. ऑर्केस्ट्रा घाबरून थांबला. दातओठ आवळून उठलो, उरलेलं नाचलो. टाळ्या थांबेनात.

ग्लेब : म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे तुमची कळ नाचतोय?

रिम्मा : लंगडणं नाचताय, बाळा. छान नाचता.

वेन्यामिन : त्या जागी आधी उडी होती. माझ्या गुरूंची, सावेली मकारविचची. हवेतच वळून पाठमोरं उतरायचं. गुडघ्यापायी ती सुटली, पण कुणी विचारलंही नाही कुठे गेली म्हणून. टाळ्या मिळत होत्या, मीही गप्प बसलो. त्याची लाज वाटते रे मला.

ग्लेब : पण विराम काढला तर तुमचं म्हणून काय उरेल त्यात? आणि लोक मला फाडून खातील.

वेन्यामिन : तुझ्या मनात नसेल तर विरामच कर. मी रागावणार नाही.

ग्लेब : ...दाखवा ती उडी.

वेन्यामिन : पाय कुठले आता? हातांनी दाखवतो. ही दोन बोटं म्हणजे तुझे पाय. इथून घे... वळ... आणि उतर. कळलं?

ग्लेब : पुन्हा एकदा. जरा सावकाश.

रिम्मा : मी पाहिलीय ती. तेवढ्यावर भुलूनच लग्न केलं ह्याच्याशी.

वेन्यामिन : मी नाही पाहिली. गुरूही म्हातारे झाले होते, त्यांनीही अशीच हातांनी दाखवली. पुढे मी नाचलो, पण नाचणाऱ्याला कुठे दिसते? उद्या पहिल्यांदा बघेन.